आर्डिस कालव्यात पडली नाही त्याची गोष्ट

सोमवारी सकाळी सव्वादहाला आर्डिस क्वामी ही बाई कालव्यात पडली. अकराच्या सुमारास तिने आपणहून उडी मारली असं ठरलं. साडेअकरापर्यंत तिला बाहेरही काढून झालं होतं, आणि पार्कातल्या कपडे धुण्याच्या खोलीत मशीनपाशी उभ्या असलेल्या दोघींनी तर तिच्या पायात एकच बूट असल्याचं जवळजवळ डोळ्यांनी पाहिलं होतं.

खरं सांगायचं तर त्या घटकेला आर्डिस कालव्यापासून चौदा मैलांवर, एका जुनाट पांढऱ्या बसमध्ये ड्रायव्हरच्या सीटवर बसून अंड्याचा बरिटो खात होती. दोन्ही बूट तिच्या पायातच होते. हे ठाऊक असणारी माणसं चव्वेचाळीस होती, पण त्यांतलं एकही आमच्या मेस्किट बेंड ट्रेलर पार्कात राहत नव्हतं. त्यामुळे पार्काला आपल्या मनाप्रमाणे शोक करायला पूर्ण मोकळीक मिळाली.

उन्हाळ्यात या पार्काकडे कुत्रंही फिरकत नाही. ऑक्टोबर सरला की निवृत्त मंडळींच्या, उत्तरेकडच्या नंबरप्लेटी एकामागून एक आत यायला लागतात, गाड्यांवरचा हजार मैलांचा चिखल वाळून गळतो, आणि दोनशे ट्रेलरच्या, म्हणजे चाकांवरच्या घरांच्या, दारांत घड्या उलगडून दोनशे जोड्या खुर्च्या मांडल्या जातात. मग मार्चअखेरपर्यंत बसायचं. वाळवंटातल्या यूमाचं ऊन अंगावर घ्यायचं, घरी किती बर्फ पडलं ते एकमेकांना वाचून दाखवायचं आणि खूश व्हायचं. एवढंच काम. ते सगळ्यांना जमतं.

आर्डिसला जमत नव्हतं.

एकाहत्तर वर्षांची बाई. उत्तर डकोटात एकतीस वर्षं तिने शाळेची बस चालवली. पहाटे चारला उठायचं, अंधारात रस्ता बघून यायचा, आणि आज शाळा भरणार की नाही हे मुख्याध्यापकांना फोन करून सांगायचं, हेही तिच्याचकडे. सगळ्या तालुक्यातली पोरं तिच्या एका शब्दावर उठायची नाहीतर पुन्हा पांघरुणात शिरायची. निवृत्त झाली, नवरा लाइल गेला, तरी चारला उठून रस्ता बघायला जाणं काही सुटलं नाही. गेल्या हिवाळ्यात अशीच रस्ता बघायला निघाली आणि स्वतःच्याच पायरीवरच्या बर्फावरून घसरली. कंबरेचं हाड मोडलं, आत पोलादी पट्टी बसली. तेव्हा तिचा मुलगा कर्टिस म्हणाला, "बास झालं, आई. तू आता हिवाळ्याला यूमात." बायकोच्या मावशीचा ट्रेलर होता, तो घेतला, नोव्हेंबरात तिला तिच्याच पिकअपमधून आणून सोडलं आणि विमानाने परत गेला.

दर रविवारी दुपारी दोनला त्याचा फोन यायचा.

"कशी आहेस?"

"घरी ने."

"आई, तिकडे गुलाबं फुलली असतील."

"फुललीयत. मी बघितली. आता घरी ने."

शेवटी नोव्हेंबर संपता संपता त्यानेच तोडगा काढला. "एक फेब्रुवारीपर्यंत काढ. तोवर नाहीच करमलं तर मी स्वतः येऊन तुला घरी नेईन. शब्द." आर्डिसने भिंतीवरच्या कॅलेंडरात एक फेब्रुवारीभोवती गोल काढला. पेन इतकं दाबलं की गोल मार्चमध्येही उमटला.

आणि मग ती सुटली. सकाळी पार्काला अकरा फेऱ्या. दुपारी सभागृहातले टेबलक्लॉथ इस्त्री, जे प्लॅस्टिकचे होते. कुणी न सांगता लोकांच्या गाड्या धुवायची. अंगणातली वाळू रेकने ओढून रेघा पाडायची आणि मग त्या पसंत पडल्या नाहीत म्हणून आडव्या पाडायची. समोरच्या ट्रेलरमधली लाव्हॉन टफ्टी ही मिनेसोटाची, जन्मजात बसणारी. ती खुर्चीतून हाक मारायची, "आर्डिस, अगं टेक की जरा! खुर्ची काय चावते का तुला?"

"बसलेच होते ना आत्ता."

"ती तू बुटाची नाडी बांधत होतीस!"

तशी लाव्हॉन वाईट मनाची नव्हे. पण मदत करायची तिला अशी काही खोड, की ती कुणाच्या मदतीला धावली की आम्ही आधी आपापली भांडी आत घ्यायचो.

आता पक्ष्याचं सांगायला हवं, कारण सगळा घोटाळा पक्ष्याने केला. इथे प्रत्येक ट्रेलरच्या दाराशेजारी एक खिळा आहे आणि प्रत्येकाकडे पत्र्याचा एक पक्षी, लांब शेपटीचा, वाळवंटात पळतो तो. सकाळी उठलं की पक्षी खिळ्याला अडकवायचा, दिवस मावळला की आत घ्यायचा. नऊपर्यंत पक्षी दिसला नाही तर रांगेचा प्रमुख येऊन दार ठोकणार. कुणी ओ दिली नाही तर ठेवणीतल्या किल्लीने दार उघडणार. आत काय सापडेल याची त्याने मनाची तयारी केलेली असते, आणि ऑफिसात प्रत्येकाच्या मुलाचा नंबर लिहिलेला असतो. आमच्या रांगेचा प्रमुख ड्वेन ओडेगार्ड. आयुष्यभर कचेरीत दाखले दिलेला माणूस. माणूस समोर उभा असला तरी पक्षी खिळ्यावर असल्याशिवाय तो जिवंत आहे असं ड्वेन मान्य करत नाही.

तर डिसेंबरच्या मध्यावर आर्डिस अशीच चारला उठली. बघायला रस्ता नव्हता, म्हणून पक्षी अडकवून कालव्याच्या कडेने चालत निघाली. पार्काच्या पलीकडे पेट्रोल पंप आहे, त्यामागच्या खडीच्या मैदानात पांढऱ्या बस उभ्या असतात. लेट्यूस कापणारे मजूर तिथून शेतांवर जातात. त्या दिवशी एका बसभोवती चव्वेचाळीस माणसं जाकिटांत हात घालून उभी होती आणि मधोमध त्यांची मुकादम, सोकोरो नावाची साठीची बाई, फोनवर कुणाला तरी सोलून काढत होती. ड्रायव्हर सीमेपलीकडे मेक्सिकालीला मुलीकडे गेला तो आलाच नव्हता.

आर्डिसने कुणाला काही विचारलं नाही. पाय आपोआप बसभोवती फिरले. एक चक्कर पूर्ण करून ती सोकोरोपुढे उभी राहिली.

"मागच्या डाव्या जोडचाकातलं आतलं चाक बसलंय. आणि उजवा मागचा दिवा लागत नाही."

सोकोरोने फोन कानावरून काढला. "तुम्ही कोण?"

"मी शेजारच्या पार्कातली."

"तिथले लोक दहाला उठतात."

"म्हणून तर इकडे आले."

सोकोरोने तिला वरून खाली बघितलं. पांढरे केस, लाल लोकरी टोपी, एक पाय जरा जपून टाकणारी. "चालवता येते?"

आर्डिसने पर्समधून बसचं लायसन्स काढलं. निवृत्त होऊनही ती ते मुदत संपायच्या आत नवं करून घ्यायची. कशासाठी, असं कर्टिसने विचारलं की म्हणायची, असू दे. आठवड्याभरात कागदपत्रं झाली, डॉक्टरने कंबर वाकवून सरळ करून बघितली, आणि नाताळच्या आधी ती रुजू झाली.

पार्कात तिने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तासाभरात कर्टिसला कळलं असतं, आणि कर्टिसने पोलादी पट्टीवाल्या आईला बसवरून खाली उतरवून थेट घरी नेलं असतं. आता तिला घरीच जायचं होतं ना, मग बरंच झालं असतं की! पण हा प्रश्न आर्डिसने स्वतःला विचारला नाही, आणि रविवारच्या फोनवर ती पूर्वीसारखंच म्हणत राहिली, "घरी ने." आमच्याकडच्या माणसांना बरं चाललंय असं तोंडाने म्हणायची सवयच नाही. लग्न झालं, पीक आलं, नातू झाला, तरी आम्ही म्हणणार, "वाईट नाही." त्याच्या वर शब्द नाही.

एरवी काम दुपारी एकला आटपायचं आणि दीडला ती पार्कात. सकाळभर पक्षी खिळ्यावर, पिकअप दारात, पडदे बंद. पार्काने निष्कर्ष काढला.

"झोपते आताशा दुपारपर्यंत," लाव्हॉन कौतुकाने सांगायची. "शिकली बाई आराम करायला."

"वेळ लागला, पण सुधारली," ड्वेन म्हणायचा.

शेतावर तिला सगळ्यांत आवडायची ती थंड पहाट. महिन्यातून एखाद-दोनदा इथेही गोठतं. पानांवर बर्फाची साय धरते, आणि तशा पानाला बोट जरी लावलं तरी ते काळं पडतं. मग कुणी वाफ्यात उतरत नाही. ऊन वर येऊन पानं सुटेपर्यंत सगळे बसमध्ये बसून राहतात. पहिल्यांदा असं झालं तेव्हा सोकोरोने तिला त्यांच्या रिवाजाने 'दोन्या', म्हणजे बाईसाहेब, म्हणत विचारलं, "दोन्या आर्डिस, अजून किती वेळ लागेल? तुम्ही बर्फातल्या ना?" आर्डिस खाली उतरली, कंबर सांभाळत वाकली, एका गड्ड्यावर फुंकर मारून बघितली, आकाश बघितलं आणि म्हणाली, "पावणेनऊ." आठ पंचेचाळीसला पानं मोकळी झाली. तेव्हापासून गोठलं की चव्वेचाळीस डोकी तिच्याकडे बघायची, आणि ती उतरून वाफ्यापर्यंत जाऊन यायची. ती काय म्हणेल त्यावर बस हलायची की थांबायची, कुणी डुलकी काढायची की सुरी परजायची.

तो सोमवार वीस जानेवारीचा. रात्रीत चांगलंच गोठलं होतं. आर्डिस चारला उठली, पक्षी अडकवून गेली.

साडेसहाला लाव्हॉन बाहेर आली. समोर आर्डिसचा पक्षी. त्याचा रंग पार उडालेला, चोच तर गंजलेली. लाव्हॉनला उमाळा आला. बिचारी झोपलीय तोवर रंगवून टाकावा, उठेल तेव्हा खूश होईल! तिने पक्षी काढला, मागच्या शेडजवळ वर्तमानपत्रावर ठेवून निळा रंग दिला, तो वाळत टाकला, आणि आठ वाजता नवरा गॉर्डीबरोबर सीमेपलीकडे दाताच्या डॉक्टरकडे निघून गेली. दाढ काढायची होती. खिळा मोकळा राहिला.

नऊ वाजता ड्वेनने खिळा पाहिला. नऊ वाजून एक मिनिटाने दार ठोकलं. दहा मिनिटांनी किल्ली आणली. आत पलंग चादर ताणून लावलेला, कपबशी धुऊन पालथी, पिकअपची किल्ली हुकवर, आणि भिंतीवर कॅलेंडरात तो गोल. ड्वेन गोलाकडे बघत राहिला. घरी जायचा ध्यास घेतलेली बाई पायी कुठे जाणार? मागे कालवा होता.

यानंतरचं तुम्हाला सांगितलंच आहे. फक्त एवढं राहिलं, की ऑफिसातून कर्टिसला फोन गेला, आणि बारापर्यंत आर्डिसच्या पायरीवर पाच हॉटडिश, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेल्या जेवणाची भांडी, येऊन बसली. आमच्यात माणूस गेलं की ओव्हनमधून काहीतरी काढून न्यावंच लागतं. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव, म्हणजे भांडं परत येतं. दुःख कितीही असो, ते नाव कुणी विसरत नाही.

शेतावर त्या दिवशी पानं साडेदहाला सुटली. त्यामुळे सगळं उशिरा. आर्डिस पार्काकडे परतली तेव्हा चार वाजायला आले होते. हातात डब्याची पिशवी, पिशवीत सोकोरोने दिलेला लेट्यूसचा गड्डा. कालव्याच्या काठावर शेरीफचा एक माणूस काठीने पाणी ढवळत होता आणि ड्वेन दुर्बीण लावून बघत होता.

आर्डिस त्याच्यामागे थांबली. "काय शोधतोयस?"

"आर्डिसला," ड्वेन दुर्बीण न काढता म्हणाला.

"सापडली का?"

"अजून नाही. प्रवाह आहे ना. पुढे गेली असणार."

"मग अशी डावीकडे काय बघतोस? प्रवाह उजवीकडे आहे."

ड्वेनने दुर्बीण उजवीकडे फिरवली, मग हळूच खाली घेतली, आणि वळला. त्याच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं, "तुझा पक्षी खिळ्यावर नव्हता!"

"मी स्वतः लावला पहाटे."

"नव्हता! नऊ वाजता नव्हता, सव्वानऊला नव्हता. माझ्या वहीत लिहिलंय!"

तेवढ्यात गॉर्डीची गाडी येऊन थांबली. लाव्हॉन एक गाल सुजलेला धरून उतरली, गर्दी पाहिली, शेरीफची गाडी पाहिली, मोकळा खिळा पाहिला आणि तशाच गालाने धावत शेडमागे गेली. परत आली तेव्हा हातात पक्षी होता. निळाशार.

"मी रंगवला!" ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "आर्डिस, मला वाटलं तू झोपलीयस!"

"मी कधी झोपलेय?"

"महिनाभर झोपतेयस की दुपारपर्यंत!"

"कामावर जाते मी. बस चालवते. लेट्यूसच्या शेतावर."

जी बाई सकाळी कालव्यातून निघाली होती, ती संध्याकाळी बस चालवते म्हणत होती. दुसरी बातमी पचायला जड गेली. आर्डिसने गड्डा काढून लाव्हॉनच्या हातात दिला, पुरावा म्हणून, आणि पायरीकडे गेली. तिथली भांडी एकेक उचलून तिने बुडाखालची नावं वाचली. एकातला घास जागीच चाखला.

"बर्नीस, माझ्या मरणाला तरी थोडं मीठ घालायचं होतंस."

मग ती आत गेली आणि कर्टिसला फोन लावला. फोन सुनेने घेतला. तो विमानतळावर निघून गेला होता, त्याचा फोन बंद लागत होता. शेवटी रात्री वाटेतल्या कुठल्याशा विमानतळावरून त्याचाच फोन आला. आई जिवंत आहे हे ऐकून तो एवढंच म्हणाला, "उद्या दुपारी पोचतो. बॅग भर."

आर्डिसने बॅग काढली. दोन स्वेटर ठेवले, काढले, पुन्हा ठेवले. मग गजर लावला आणि पहाटे चारला उठून कामावर गेली.

मंगळवारी दीडला ती परत आली तेव्हा कर्टिस तिच्या दारात, तिच्या खुर्चीत बसला होता. चाळिशी ओलांडलेला, शेतकरी गडी, डोळे जागरणाने लाल. बॅग त्याने स्वतः भरून पिकअपमध्ये ठेवली होती. समोर लाव्हॉन, गॉर्डी आणि ड्वेन आपापल्या खुर्च्या सावलीत ओढून कॉफी पीत होते. सावली खरं तर दुसऱ्या बाजूला होती.

कर्टिसने आईला घट्ट धरलं, मग सोडलं. "चल. आत्ता निघालो तर रात्रीपर्यंत बराच रस्ता होईल."

"बूट तरी काढू दे."

"गाडीत काढ. बस चालवतेस म्हणे! अंधारात! कंबरेत पोलाद घालून!"

"पोलादच आहे, मोडत नाही." ती पायरी चढली, खाली उतरली, पाण्याचा नळ उघडला, बंद केला. "काल किती गोठलं होतं तिकडे?"

"उणे बावीस. विषय बदलू नकोस."

"रस्ते?"

"दुपारपर्यंत बंद होते. आई, ऐक. चुकलं माझं. तुला इथे आणून टाकलं तेच चुकलं. तू सांगत होतीस, मी ऐकत नव्हतो. आता ऐकतोय. पायऱ्यांना मी कठडा लावलाय, आतल्या खोलीत हीटर बसवलाय. एक फेब्रुवारीची वाट नको बघायला. तुझं घर आहे, तू तिथेच राहा."

आर्डिसने खिळ्यावरचा निळा पक्षी सरळ केला. तो सरळच होता. मग वाळूतला रेक उचलला, भिंतीला टेकवला. ज्या वाक्यासाठी तिने अकरा रविवार फोन धरला होता, ते वाक्य समोर उभं राहून बोललं गेलं होतं, आणि हात कुठे ठेवावेत ते तिला कळत नव्हतं.

"अगं, जा ना बाई," लाव्हॉन पलीकडून म्हणाली, अजून सुजलेल्या गालाने. "पोरगा एवढा न्यायला आलाय."

"तू पक्ष्यांचं बघ," आर्डिस म्हणाली, आणि पिकअपपाशी गेली. तिने बॅग उचलली. कर्टिसला वाटलं ती नीट लावतेय, म्हणून तो ड्रायव्हरच्या बाजूला गेला. मागे वळून बघतो तर बॅग पायरीवर होती आणि आई तिच्यावर बसली होती. एवढ्या महिन्यांत तिला बसलेलं आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो.

"आता काय?" कर्टिसने टोपी काढून बोनेटवर टाकली. "परवाच्या रविवारीसुद्धा म्हणालीस, घरी ने! मी विमानं बदलत, रात्रभर जागून आलो. आता तुला तिकडे जायचं नाही? इथे आवडलंय तुला?"

"वाईट नाही."

ते ऐकून ड्वेनने कप खाली ठेवला. शब्द घरातलाच होता, कर्टिसलाही त्याची किंमत ठाऊक होती. पण तो रात्रभर जागा होता.

"मग माझ्याकडून काय हवंय तुला? सरळ सांग, आई. काय करू मी?"

आर्डिसने बुटाची नाडी सोडली, घट्ट केली आणि मान वर केली.

"उद्या पहाटे साडेचारला पंपामागे ये. चव्वेचाळीस माणसं उभी असतील. त्यांना सांग, की माझ्या आईला घरची आठवण येते, म्हणून तुम्ही शेतावर चालत जा. त्यांनी बरं म्हटलं, तर मी येते तुझ्याबरोबर."